वाटे करणाऱ्याची जागा

माझ्या भावाच्या हातचं लिहिलेलं माझ्याकडे काही नाही. त्याची म्हणून एक वही मी जपून ठेवली आहे, पण तिच्यातलं अक्षर माझंच आहे. तो सांगायचा आणि मी लिहायचे. दर वर्षी, राखीच्या आदल्या दिवशी, अशी नऊ वर्षं.

तो घुग्घुसला कोळसा खाणीच्या काट्यावर होता. भरलेला ट्रक काट्यावर चढला की वजन बघायचं, चिठ्ठी द्यायची आणि पुढच्याला हात करायचा. मी अहेरीला एका शाळेत मराठी शिकवते आणि तिथलं लहानसं वाचनालय सांभाळते. बसनं घुग्घुस गाठायला सगळा दिवस जातो, म्हणून मी राखीला एक दिवस आधीच निघायचे. संध्याकाळी दारात पोचले की चप्पल काढायच्या आत तो म्हणायचा, "आली का बाई? बस. पहिला कोण ते ठरलं, लिहून घे."

आतून वहिनी ओरडायची, "तिले पाणी तं पिऊ द्या. तुमचे खेळाडू पळून नाई चालले."

"पळूनच राह्यले ना. पळाचेच पैसे भेटते त्याईले."

ते खेळाडू म्हणजे विलायतेतल्या एका मोठ्या फुटबॉल स्पर्धेतले. भाऊ आणि त्याच्या पाळीतले पाच जण मिळून कागदावरचं फुटबॉल खेळत. मोबाइलवर असा खेळ असतो हे त्यांना ठाऊक होतं, पण मोबाइलवर एकच खेळाडू लाखभर लोकांच्या संघात असू शकतो. ते त्यांना पटत नसे. त्यांच्यात एकानं उचललेला खेळाडू इतरांना बंद. सहा जणांनी पाळीपाळीनं एकेक उचलायचा, असे अकरा फेरे. मग वर्षभर त्या खेळाडूंनी खऱ्या मैदानावर जे केलं त्याचे गुण इथे घुग्घुसच्या चहाच्या टपरीवर मोजायचे. गोलाचे पाच, गोलासाठी चेंडू देणाऱ्याला तीन, पूर्ण सामना खेळला तर एक. हंगाम संपला की ज्याचा संघ तळाला, त्यानं सगळ्यांना घरी बोलावून मासे खाऊ घालायचे. नऊ वर्षांत सहा वेळा ते मासे आमच्या वहिनीनं केले.

"तुमच्या भावाची टीम हारते अन् मसाला मले वाटा लागते," ती म्हणायची. पण त्या दिवशी घर भरलेलं असे, आणि ती दोन दिवस आधीपासून पाटा धुऊन ठेवी.

भाऊ हरायचा, कारण तो दर वर्षी शेवटी उचलायचा. बाकीचे पाच जण चिठ्ठ्या टाकून आपला क्रम ठरवत. भाऊची चिठ्ठी नसेच. सहावा नंबर त्याचा आणि अकराही फेऱ्यांत तोच. त्यातून सत्तर खेळाडूंची क्रमवारी लावलेली यादी तो स्वतः करी, आणि टपरीवर सगळ्यांना वाचून दाखवी. तिच्याकडे बघून बाकीचे उचलत. आपलं सगळं शहाणपण आधी वाटून टाकायचं आणि मग उरलेल्यातून आपला संघ करायचा, असा त्याचा खेळ होता. त्याच्या मित्रांना यात भाऊचा भोळेपणा दिसे. डंपर चालवणारे एक भाऊ त्यांच्यात वयानं मोठे होते आणि बोलायला तिखट. ते म्हणत, "काट्यावर बसून बसून याच्या डोक्याचाच काटा बंद पडला. अरे, स्वतःसाठी एखादा तं लपवून ठेव."

हे शेवटी उचलणं कुठून आलं ते मला ठाऊक होतं, कारण आम्ही दोघं एकाच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाढलो. गावात मासेमारीची दहा-बारा घरं. जाळं ओढून झालं की मासळी पाळीवर आणून तिचे वाटे पाडत. वाटे पाडायचं काम बहुतेक वेळा आमच्या बाबांकडे असे. मोठा रोहू एका ढिगात गेला तर दुसऱ्यात दोन लहान कतले, आणि कमी वाटलं तर वरून ओंजळभर झिंगे. सगळे वाटे झाले की बाबा मागे सरून बसत. बाकीचे एकेक वाटा उचलून टोपलीत घालत आणि शेवटी जो उरे तो आमच्या घरी येई. वाटे करणाऱ्यानं शेवटी उचलायचं, असा तिथला रिवाज होता. म्हणजे हात चुकला तर त्याचं नुकसान त्याच्याच घरी जाईल. आणि एखाद्याच्या ढिगात खराब मासा निघालाच, तर वाटे करणारा आपल्या वाट्यातला काढून द्यायचा. यावर कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. मी लहानपणी बाबांना विचारलं होतं की आपल्याला कधीच मोठा रोहू का मिळत नाही. ते म्हणाले, "वाटे बरोबर पडले तं कोणताही उचल, सारखाच."

खाणीत लागल्यावर भाऊ तलाव सोडून आला, पण हा रिवाज घेऊन आला. मित्रांना मात्र त्यानं तो कधी सांगितला नाही. मी एकदा म्हटलं, "सांग की त्यांना." तर म्हणाला, "सांगतला की मग ते मानून घेतीन. मानून घेतलं का मजा गेली."

खेळाडूंची परदेशी नावं त्याच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यानं त्यांना आपली नावं दिली होती. यादीत खरं नाव एका बाजूला बारीक अक्षरात आणि समोर त्याचं नाव ठसठशीत. सरळ रेषेत वाऱ्यासारखा धावणारा, पण वळता न येणारा तो रोही, म्हणजे आमच्याकडची नीलगाय. दोन्ही पाय रोवून गोलासमोर उभा राहणारा तो खुट्टा. सामनाभर एका जागी उभा राहून काहीच न करणारा, आणि एकदाच मान पुढे करून गोल करणारा तो बगळा. बगळ्यावर त्याचा फार जीव. आणि सगळ्यांत वर, सलग चार वर्षं पहिल्या क्रमांकावर, मरळ. मरळ मासा हातातून कसा निसटतो हे ज्यानं पकडून पाहिलं त्यालाच कळतं. पावसाळ्यात तो चिखलातून सरपटत एका तलावातून दुसऱ्या तलावात जातो, असं बाबा सांगत. भाऊ म्हणायचा, "चार जण धरासाठी येते अन् चौघाईच्या मधून हा जाते." पहिलं नाव सहाव्या नंबरवाल्याला कधीच मिळणार नव्हतं. तरी ते सांगताना तो थोडा थांबे, आणि मी पेन धरून वाट बघे.

मी त्या नऊ वर्षांत एकही सामना पाहिला नाही. मला त्यात रस नव्हता. मला भाऊ काय शब्द वापरतो ते ऐकायला आवडायचं. त्याला ते कळत असावं. एखाद्या खेळाडूबद्दल पुरेसं सांगून झालं तरी तो माझ्याकडे बघत आणखी एक वाक्य जोडायचा.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. पाळी संपवून घरी आला, हातपाय धुतले, छातीत दुखतं म्हणाला, आणि चंद्रपूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. मला अजून ते नीट लिहिता येत नाही.

जुलैत त्याच्या पाळीतल्या हजेरीबाबूंचा फोन आला. ते त्या सहांपैकी एक, मृदू बोलणारे. म्हणाले, "बाई, एक विचाराचं होतं. राखीनंतरच्या रविवारी आम्ही बसतो, तुम्हाले माहीत आहे. पाळीत एक नवीन माणूस आला, तो भाऊची जागा मागून राह्यला. आम्ही त्याले अजून हो म्हटलं नाई. तुम्ही यादी घेऊन येत असाल तं जागा तुमची. नाई तं मग त्याले देऊन टाकू."

मी विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. काट्यावरची त्याची खुर्ची आठव्या दिवशी दुसऱ्याला गेली होती, ते बरोबरच होतं, ट्रक थांबत नाहीत. वहिनीनं त्याचे कपडे वाटून टाकले होते. त्याच्या नावानं जगात कुठे रिकामी ठेवलेली जागा उरली असेल, तर ती टपरीच्या बाकावर होती. मी त्याच संध्याकाळी उलटा फोन करून येते म्हणून सांगितलं.

मग मी घाबरले. सत्तर नावं, आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. शाळा सुटल्यावर वाचनालयात बसून मी मागच्या वर्षीची यादी समोर ठेवली. मोबाइलवर मागच्या हंगामाचा तक्ता काढला, आणि कोणी किती गोल केले, किती सामने खेळले ते एका कागदावर मांडलं. दोन आठवडे रोज तेच. ज्याचे गोल वाढले त्याला दोन घरं वर, ज्याचे कमी झाले त्याला खाली. विद्यार्थ्यांच्या निबंधांना गुण देते तसंच मी हे केलं, निमूटपणे आणि थोडं कोरडेपणानं. मात्र भाऊचे शब्द मी तसेच ठेवले. आणि मरळ पहिला होता तो पहिलाच ठेवला. तक्त्यातही त्याचं नाव वरच होतं. त्याच्यापाशी मी काही शोधलं नाही, काही पडताळलं नाही. भाऊनं जे चार वर्षं सांगितलं ते पाचव्यांदा लिहिताना त्याचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं, आणि मला त्या ओळीवरून लवकर पुढे जायचं नव्हतं.

राखीच्या रविवारी दुपारी वहिनी आणि मी टपरीवर गेलो. वहिनी आतापर्यंत कधी तिथे गेली नव्हती. त्या दिवशी "चला, मी पण येते" म्हणाली. पाच जण आधीच बसले होते. बाकाचं टोक त्यांनी मोकळं ठेवलं होतं. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि टपरीवाला दर थोड्या वेळानं फडक्यानं बाक पुसत होता.

मी यादी वाचायला सुरुवात केली. "एक. मरळ."

हजेरीबाबूंनी मान वर केली. "पण बाई, तो तं..."

"चहा सांग बे आधी," डंपरवाले भाऊ त्यांना मध्येच म्हणाले. "बाई अहेरीहून आल्या. कोरड्या गळ्यानं किती वाचतीन?"

चहा आला. मी सत्तर नावं वाचली. रोहीपाशी कोणीतरी हसलं. बगळ्यापाशी वहिनीनं पदर तोंडाला लावला. वाचून झाल्यावर चिठ्ठ्या टाकायच्या होत्या, तर डंपरवाले भाऊ म्हणाले, "यंदा चिठ्ठी नाई. मी पुढच्या वर्षी रिटायर होऊन राह्यलो. पहिली पाळी मले द्या."

एरवी यावर अर्धा तास वाद झाला असता. पण पाचांतला खाणीच्या पंपावर काम करणारा एक जण "घ्या ना बाप्पा" म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"मग मी मरळ घेतला," ते म्हणाले.

मला बरं वाटलं नाही. खरं सांगायचं तर राग आला. हा माणूस भाऊला नऊ वर्षं टोचून बोलला, आणि आता वय पुढे करून भाऊचा पहिला खेळाडू सगळ्यांआधी उचलून मोकळा झाला. मी वहीत त्यांच्या नावापुढे मरळ लिहिलं. पाच जणांचं उचलून झालं आणि माझी सहावी पाळी आली तरी बगळा तसाच होता, नवव्या क्रमांकावर. मी बगळा घेतला.

"घ्या," हजेरीबाबू म्हणाले. "भाऊचा भाऊकडेच."

त्यानंतर दर सोमवारी मोबाइलवर हजेरीबाबूंचा गुणतक्ता येऊ लागला. मी तो वहीत उतरवून घ्यायचे. शनिवारी संध्याकाळी मी पहिल्यांदाच सामना लावून बसू लागले, बगळ्याला बघायला. भाऊनं सांगितला होता तसाच होता तो. बाकीचे धावत होते आणि हा कमरेवर हात ठेवून उभा होता. मग एकदा चेंडू उंचावरून आला, यानं मान पुढे केली, आणि झालं. मी खोलीत एकटीच हसले. चार आठवड्यांत त्याचे पाच गोल झाले आणि माझा संघ चक्क दुसरा होता.

मरळापुढे मात्र दर सोमवारी शून्य येई. पहिल्या आठवड्यात मला वाईट वाटलं नाही, उलट थोडं समाधानच वाटलं. दुसऱ्याला वाटलं, त्याला दुखापत झाली असेल. चौथ्या सोमवारी मी हजेरीबाबूंना फोन केला. "मरळ आजारी आहे का हो?"

ते म्हणाले, "बाई, तो आता तिथी नाई ना. तो मागचा हंगाम संपला तेव्हाच गेला, वाळवंटातल्या कोण्या देशाच्या टीममंदी. पेपरात मोठं आलं होतं."

"म्हणजे राखीला तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी सांगतच होतो," ते म्हणाले. "डंपरवाल्या भाऊनं चहा सांगाले लावला. तुम्ही उठून गेल्यावर आम्ही त्याईले म्हटलं, तुम्ही गेलेला माणूस काऊन उचलला? तं म्हणे, बाईनं पहिला म्हणून वाचला अन् शेवटपर्यंत कोणीच नाई उचलला, तं बाईले काय वाटन? पहिला तं कोणीतरी घेतलाच पायजे."

फोन ठेवल्यावर मी वही उघडली. यादीतली पहिली ओळ माझ्या अक्षरात होती, नीटनेटकी, खाली रेघ मारलेली. टपरीवर ज्याचा राग केला त्या माणसानं माझी ती चूक गपचूप आपल्या वाट्याला घेतली होती आणि वर्षभर शून्य मोजायला तयार झाला होता. पण चूक त्याची नव्हती. ती कोणाच्या घरी जायला हवी हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा घुग्घुसला गेले. डंपरवाले भाऊ टपरीवर एकटेच होते, पाळी संपवून आलेले, भुवयांवर अजून कोळसा.

"आज कशी काय बाई? राखी तं झाली."

"तुमच्या वाट्यात खराब मासा निघाला," मी म्हटलं. "बदलून द्यायला आले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग रस्त्याकडे पाहू लागले. "हजेरीबाबूच्या पोटात गोष्ट राहत नाई."

"मरळ मला द्या आणि बगळा तुम्ही घ्या."

"काही गरज नाई. तो भाऊचा बगळा. मी का घेऊ?"

तेव्हा मी त्यांना तलाव, बाबा, वाटे आणि उरलेला ढीग, सगळं सांगितलं. भाऊनं नऊ वर्षं जे सांगितलं नाही ते मी एका चहात सांगून टाकलं. त्याला आवडलं नसतं कदाचित. पण हे सांगितल्याशिवाय त्यांनी बगळा घेतला नसता.

डंपरवाले भाऊ बराच वेळ कपातला चहा फिरवत होते. "आम्ही त्याले येडा म्हणत होतो," ते म्हणाले. "अन् तो आम्हाले वाटे पाडून देऊन राह्यला होता." थोड्या वेळानं म्हणाले, "तोंडानं कधी बोलला नाई पण. बदमाश."

"वाटे यंदा मी पाडले. चुकले मी. रिवाज तुम्हाला मोडता यायचा नाही."

"बरं," ते म्हणाले. "द्या मग बगळा." आणि खिशातून आपला घडी घातलेला कागद काढून त्यांनी मरळावर काट मारली, जपून, एकच. मग विचारलं, "पुढच्या वर्षी वाटे कोण पाडन?"

"मीच."

"मग शेवटीच बसा लागन तुम्हाले."

"बसेन."

"अन् तो नवीन माणूस अजून मागं लागला आहे. मी रिटायर झालो तरी इथीच येतो चहा प्याले, माही जागा काही भेटत नाई त्याले. त्याले सातवा करून घेऊ. पण मग सात अकरे सत्याहत्तर. यादी मोठी लागन, बाई. अन् पेपर वाचत जा."

"वाचेन," मी म्हटलं.

हे लिहिते आहे तेव्हा हंगाम अर्ध्यावर आला आहे. बगळा डंपरवाल्या भाऊंसाठी गोल करतो आहे आणि ते पहिले आहेत. माझा संघ सहावा आहे, आणि मरळ असेपर्यंत तो वर यायचा नाही. दर सोमवारी मी वहीत त्याचं नाव लिहिते आणि पुढे शून्य मांडते. मला ते लिहायला जड जात नाही. नाव तरी लिहायला मिळतं.

परवा वहिनीला फोनवर म्हटलं, यंदा मासे आपल्यालाच करावे लागतील असं दिसतं. ती म्हणाली, "मले माहीतच होतं. पाटा मी पायऱ्याखालून काढून ठेवला. तुम्ही फक्त गावच्या तलावातला रोहू आणा, इथला बर्फातला नको." मग म्हणाली, "सात जण होते ना आता? मग दोन आणा."